किकशिवाय न बोलणारी

यामाहा एसआर ४०० या मोटरसायकलला सेल्फ नाही. कधीच नव्हता. १९७८ साली ती जपानच्या बाजारात आली तेव्हा नव्हता आणि २०२१ साली तिची शेवटची आवृत्ती निघाली तेव्हाही नव्हता. मधल्या ४३ वर्षांत माणसांच्या खिशात फोन आले, स्वयंपाकघरातल्या भांड्यांना बटणे आली, हिच्या स्वतःच्या पोटात फ्युएल इंजेक्शन आले. पण आपल्याला चालू करायचे तर माणसाने पायच उचलला पाहिजे, हा हट्ट तिने सोडला नाही.

तिला चालू करण्याची रीत ठरलेली आहे. किल्ली फिरवायची. डाव्या मुठीखाली डीकंप्रेशनचा एक छोटा लिव्हर आहे, तो दाबून धरायचा. त्यामुळे एक्झॉस्टचा व्हाल्व्ह जरासा उघडा राहतो आणि सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा निसटते. मग किक हळूहळू खाली दाबत जायची आणि नजर ठेवायची इंजिनाच्या डोक्याच्या उजव्या अंगाला. तिथे नखाएवढी एक खिडकी आहे. खिडकीत चंदेरी खूण दिसली की पिस्टन हवा तिथे येऊन बसला. लिव्हर सोडायचा, किक परत वर येऊ द्यायची, थ्रॉटलला अजिबात हात लावायचा नाही, आणि मग सगळे वजन पायावर टाकून एका दमात खालपर्यंत रेटायचे. जमले तर ती पहिल्या किकला बोलते. अर्ध्यावर कच खाल्ली तर मात्र किक उलटी येते आणि घोट्यावर किंवा पोटरीवर तिची आठवण काही दिवस राहते. घरात काही आत्याबाई असतात. पाय धुतल्याशिवाय कुणालाही उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि एकदा आत घेतले की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ही त्याच जातीची.

जुनी बुलेट वापरलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. डीकंप्रेसर ओढायचा, ॲमीटरच्या काट्यावर डोळा ठेवायचा आणि नेमक्या जागी किक मारायची, हे शिक्षण गावोगावच्या मिस्तरींनी आणि मामा-काकांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेले आहे. बुलेट अशी राहिली, कारण आपल्याकडच्या बंदिस्त बाजारात तिला बदलायला कुणी भाग पाडले नाही. एसआरची गोष्ट उलटी आहे. ती राहत होती जगातल्या सगळ्यांत चुरशीच्या दुचाकी बाजारात. तिथे मॉडेल दोन-तीन वर्षांत शिळे व्हायचे, आणि तिच्या स्वतःच्या कारखान्यातून दर वर्षी तिच्याहून वेगवान, हलक्या आणि शहाण्या गाड्या बाहेर पडत होत्या. तरीही ती टिकली. का टिकली, हे समजून घ्यायचे तर तिचे कूळ पाहावे लागते.

तिची आई मातीतली. १९७५ च्या सुमारास यामाहाने एक्सटी ५०० नावाची गाडी तयार केली. एकच मोठा सिलिंडर, फोर-स्ट्रोक, अमेरिकेच्या वाळवंटी वाटांवर हुंदडण्यासाठी बनवलेली. पॅरिस ते डकार ही पहिली शर्यत १९७९ मध्ये सिरिल नव्हू या फ्रेंच स्वाराने याच गाडीवर जिंकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. हे इंजिन डांबरी रस्त्यावर आणावे, अशी मागणी होत होती. लांब, बारीक, साधी, एका सिलिंडरची रस्त्यावरची गाडी: हा मूळचा इंग्रजांचा खाक्या. पण तोवर इंग्रजांचाच खेळ आटोपत आला होता. व्हेलोसेट १९७१ मध्ये बंद पडली होती. रेडिचची रॉयल एनफील्ड त्याआधीच संपली होती आणि तिची बुलेट फक्त मद्रासला जिवंत होती. बीएसएचे साम्राज्य ढासळले होते. त्या पडझडीला मोठा हातभार जपानी कंपन्यांनीच लावला होता. चार सिलिंडर, तेल न गळणारी इंजिने आणि बटणस्टार्ट घेऊन त्या आल्या आणि इंग्रज गाड्या अडगळीत गेल्या. आता त्याच जपान्यांपैकी एकाने त्या अडगळीतला नमुना उचलला आणि तेल न गळणारा करून पुन्हा मांडला.

मार्च १९७८ मध्ये दोन बहिणी एकदम आल्या: एसआर ५०० आणि एसआर ४००. थोरलीचा सिलिंडर ८७ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनचा प्रवास ८४ मिलिमीटर, म्हणजे ४९९ सीसी. धाकटीचा सिलिंडर तेवढाच रुंद, पण पिस्टनचा प्रवास ६७.२ मिलिमीटरवर आणलेला. ती ३९९ सीसीची. धाकटीला असे आखूड करण्यामागे इंजिनिअरची लहर नव्हती, कायदा होता. १९७५ पासून जपानमध्ये मधल्या वर्गाच्या परवान्यावर ४०० सीसीपर्यंतचीच मोटरसायकल चालवता येई. त्यावरच्या गाडीसाठी सरकारी केंद्रावर जाऊन वेगळी परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेत बहुतेक जण पुन्हा पुन्हा नापास होत. त्यामुळे जपानी तरुणाच्या वाट्याला जी काही मोठी गाडी येई ती ४०० चीच. थोरली परदेशात नाव काढणार होती. घरात धाकटीचा संसार जमणार होता.

दिसायला ती फार काही मागत नाही. जीके या संस्थेच्या डिझायनरांनी यामाहाच्या कितीतरी गाड्या रेखाटल्या, त्यांत हीसुद्धा. थेंबाच्या आकाराची १२ लिटरची टाकी, सपाट लांब सीट, गोल दिवा, दोन गोल मीटर, आऱ्यांची चाके आणि मध्ये पात्यांच्या थरांचे हवेवर थंड होणारे इंजिन. रेडिएटर नाही, प्लास्टिकचे झाकण नाही. इंजिनाचे ऑइल तळाच्या भांड्यात साठत नाही. ते चासीच्या पोकळ नळीतच खेळते, आणि ऑइल मोजायची काडी टाकीच्या पुढे, हँडलच्या मानेशी सापडते. या गाडीत सांगाडा आणि रक्तवाहिनी एकच. इंजिन पाहिले की कोणता भाग कशासाठी, ते शाळकरी मुलालाही सांगता येते. पुढे तिच्या भाग्यात जे आले त्यातले बरेचसे या उघडेपणामुळे आले.

यामाहाला मात्र तिच्यावर इतका विश्वास कुठे होता! १९७९ मध्येच कंपनीने तिला ओतीव मॅग चाके बसवली, कारण त्या वेळी तीच फॅशन होती. ग्राहकांनी नाक मुरडले. ज्याला नवे हवे होते त्याला यामाहाच्याच दुकानात दुसऱ्या दहा नव्या गाड्या होत्या. ज्याला एसआर हवी होती त्याला आरे हवे होते. १९८३ पर्यंत आऱ्यांची चाके परत आली. कंपनी तिला सुधारायला जाई आणि ग्राहक तिला परत जागेवर आणून ठेवत, असा हा क्रम. पुढे यामाहाच शहाणी झाली. १९८५ मध्ये तिने एक असा बदल केला की अभियंत्यांच्या परिषदेत कुणी सांगितला असता तर हसू झाले असते: पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम ब्रेक लावला. सगळे जग ड्रमकडून डिस्ककडे चालले असताना ही गाडी डिस्ककडून ड्रमकडे गेली, आणि तिथे २००१ पर्यंत सुखाने राहिली.

ड्रम ब्रेकचे १९८५ हे वर्ष लक्षात घ्यायला हवे. जरा आधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, होंडा आणि यामाहा यांच्यात बाजारयुद्ध पेटले होते. पहिला क्रमांक आपला, असे यामाहाने जाहीर केले आणि होंडाने दीड वर्षात शंभराहून अधिक नवी मॉडेले बाजारात ओतून त्याचे उत्तर दिले. १९८२ मध्ये जपानमधल्या दुचाकींची विक्री ३० लाखांच्या वर गेली. तो आकडा पुन्हा कधी दिसला नाही. १९८३ मध्ये यामाहाला माघार घ्यावी लागली, गोदामात न विकलेल्या गाड्यांच्या राशी उरल्या. मग शर्यतीच्या गाड्यांच्या प्रतिकृतींचे वेड आले: अंगभर प्लास्टिक, ४०० सीसीत चार सिलिंडर, पोटावर झोपून चालवायच्या गाड्या. या धुमाळीत एसआरने काहीच केले नाही. युद्धातल्या बहुतेक मॉडेलांची नावे आज संग्राहकांनाच ठाऊक. जी लढलीच नाही ती मात्र उरली.

वेड ओसरल्यावर लोकांना साधी गाडी पुन्हा दिसू लागली. १९८९ मध्ये कावासाकीने उघड्या इंजिनाची झेफर ४०० आणली आणि जुन्या वळणाच्या गाड्यांचा बाजार उभा राहिला. बाकीच्यांना जुने दिसण्यासाठी नवे मॉडेल काढावे लागले. एसआरला जागचे हलावेसुद्धा लागले नाही. तिला आज रेट्रो म्हणतात, पण ती जन्मली तेव्हा फक्त थोडी जुन्या धाटणीची होती. रेट्रो ती बसल्या जागी झाली, काळ पुढे निघून गेला म्हणून.

१९९० च्या दशकात तोक्योच्या पोरांनी तिला हाताशी धरले. उघडे इंजिन, सरळ चासी आणि वर्षानुवर्षे न बदललेले सुटे भाग, यामुळे तिच्यावर पाना चालवणे सोपे. कुणी हँडल खाली घेऊन तिची कॅफे रेसर केली, कुणी मागचा मडगार्ड छाटून मातीच्या ट्रॅकवरची केली, कुणी नुसती टाकी बदलली. केवळ एसआरवरच काम करणारी गॅरेजे जपानमध्ये उभी राहिली. विसाव्या वर्षी गाडी घेणारा पोरगा तिच्याहून लहान असू लागला. आपल्या जन्माआधीचे मॉडेल शोरूममधून कोरे करकरीत विकत घेता येते, ही चैन दुसऱ्या कोणत्या गाडीने त्याला दिली असती?

स्पर्धक आले नाहीत असे नाही. होंडाने १९८५ मध्ये जीबी ४०० आणली, तीही इंग्रजी वळणाची, चालवायला एसआरहून चांगलीच. ती काही वर्षांत गेली. कावासाकीची एस्ट्रेला १९९२ मध्ये आली. ती २५० सीसीची असल्याने तिला दर दोन वर्षांची सरकारी तपासणी लागत नव्हती. एसआरला ती लागायची आणि तिचा खर्चही भरावा लागायचा. १९९६ मध्ये मोठ्या गाडीचा परवाना ड्रायव्हिंग स्कूलमधून मिळू लागला आणि ४०० च्या वर्गाचा आधारच गेला: ज्याला खर्च वाचवायचा तो २५० कडे वळला, ज्याला मिरवायचे तो थेट हजार सीसीकडे. थोरली बहीण, एसआर ५००, १९९९ मध्ये थांबली. होंडाने २००१ मध्ये सीबी ४००एसएस आणली. सुरुवातीला तीही फक्त किकची. पुढे तिला सेल्फ दिला गेला, आणि मग तीही गेली. प्रत्येकाने एसआरच्या वाटेवर येऊन तिची एखादी अडचण दूर केली, आणि प्रत्येकाच्या वेळी असे दिसले की तिच्या ग्राहकाला अडचणीच विकत घ्यायच्या होत्या.

तिला खरा धोका होता सरकारकडून. धूर मोजणाऱ्या यंत्राला परंपरा कळत नाही. २००८ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटरवरची एसआर थांबली. संपली, असे सगळ्यांनी धरले. २००९ च्या अखेरीस ती परत आली, फ्युएल इंजेक्शन घेऊन. ते असे बसवले होते की गाडी पाहणाऱ्याला फरक कळू नये. पंप आला, सेन्सर आले, वायरिंग वाढले; डीकंप्रेशनचा लिव्हर आणि नखाएवढी खिडकी जागच्या जागी राहिली. २०१७ मध्ये नियम पुन्हा बदलले, ती पुन्हा थांबली. २०१८ च्या नोव्हेंबरात चाळिशीच्या निमित्ताने ती पुन्हा आली, या वेळी टाकीतल्या पेट्रोलची वाफ पकडणारा डबा लावून. या सगळ्यात तिची ताकद २७ अश्वशक्तीवरून २४ वर उतरली. तक्रार फारशी कुणी केली नाही. तीन हजार फेऱ्यांवर तिचा जोर पुरता हाती येतो, ताशी ऐंशीच्या आसपास ती खुशीत धावते, आणि शंभराच्या वर गेले की हँडल, आरसे आणि चालवणाऱ्याचे दात मिळून नापसंती कळवतात. घाई असलेल्या माणसाने तिच्याकडे जायचेच नाही.

परदेशी तिचा संसार वेगवेगळ्या परींनी झाला. जर्मनीने थोरल्या बहिणीला डोक्यावर घेतले. हिशेबी, स्वतः पाना धरणाऱ्या जर्मन स्वाराला एका सिलिंडरचा हा कारभार पटला. अमेरिकेत एसआर ५०० तीन-चार वर्षांतच, १९८१ ला, थांबली. २०१४ मध्ये यामाहाने धाकटीला युरोप-अमेरिकेत पाठवून पाहिले. अमेरिकेत तिची किंमत ५,९९० डॉलर होती. तेवढ्या पैशांत सेल्फ, एबीएस आणि जास्त ताकद असलेल्या कितीतरी गाड्या शेजारीच उभ्या होत्या. कौतुक भरपूर झाले, पण थोड्याच वर्षांत ती परतली. युरोपात तिला धुराच्या नियमांनीच दार लावले. भारतात ती अधिकृतपणे कधी आलीच नाही. यामाहाने आपल्याला एस्कॉर्ट्सच्या हातून राजदूत ३५० आणि आरएक्स १०० दिल्या. त्याही किकवरच्या, पण टू-स्ट्रोक आणि स्वभावाने अगदी उलट. आरएक्स १०० ला जी घाई होती ती एसआरला जन्मात कधी नव्हती.

शेवटी ज्याने तिला थांबवले तो ब्रेकचा नियम होता. ऑक्टोबर २०२१ पासून जपानमध्ये जुन्या मॉडेलांनाही एबीएस सक्तीचा होणार होता. तो बसवायचा तर त्या सडसडीत अंगावर पंप, मेंदू, नळ्या आणि चाकांवरच्या दातेरी चकत्या आल्या असत्या. गाडी मुळापासून नव्याने मांडावी लागली असती. यामाहाने २०२१ च्या जानेवारीत निरोपाची घोषणा केली. शेवटची आवृत्ती ६ लाख ५ हजार येनला. हजारच नगांची खास आवृत्ती, गिटारसारख्या कडेकडेने गडद होत जाणाऱ्या रंगाची, ७ लाख ४८ हजार येनला. तो रंग टाकीवर हाताने चढवला होता. वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातून निघालेल्या कंपनीने आपल्या सर्वांत हट्टी गाडीला वाद्याच्या रंगात निरोप दिला, हे शोभलेच. हजार गाड्या बघता बघता संपल्या.

पुढे घडले ते आपल्याला जवळचे. एसआरचा निरोप चालू असतानाच, एप्रिल २०२१ मध्ये, होंडाने जपानात जीबी ३५० विकायला काढली: एक सिलिंडर, हवेवर थंड होणारी, शांत ठोक्याची, साडेपाच लाख येनची. तिने एसआरची रिकामी जागा लगेच भरली. पण ही गाडी मुळात जपानसाठी जन्मलीच नव्हती. सहा-सात महिने आधी ती हायनेस सीबी ३५० या नावाने भारतात आली होती, रॉयल एनफील्डच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून. म्हणजे इंग्रजांनी टाकलेला नमुना मद्रासने सांभाळला, तो सांभाळल्यामुळे इथे मोठा बाजार तयार झाला, त्या बाजारासाठी होंडाने गाडी बनवली आणि ती गाडी जपानमध्ये एसआरच्या खुर्चीवर जाऊन बसली. मागोमाग रॉयल एनफील्डच्या ३५० सीसीच्या गाड्या तिथे पोचल्या, आणि चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० सुद्धा. जपानचा ४०० सीसीचा परवाना, ज्याने एसआरला घडवले, आता पुणे जिल्ह्यातल्या कामगारांनी जोडलेल्या गाडीलाही लागू पडतो.

या सगळ्या गाड्या एसआरहून सोयीच्या आहेत. बटण दाबले की चालू होतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर चाक अडकत नाही, आणि आरशात मागचे वाहन स्पष्ट दिसते. ज्याला रोज कामावर जायचे आहे त्याने यातली एखादी घ्यावी. एसआर हवी असणारा माणूस मात्र जपानच्या जुन्या बाजारात चढ्या भावाने तीच शोधतो, आणि यामाहा तिला परत आणणार का याची चर्चा करतो. तशी आशा ठेवायला जागा तिनेच ठेवली आहे: २००८ मध्ये गेली, २००९ मध्ये आली; २०१७ मध्ये गेली, २०१८ मध्ये आली. तिसऱ्यांदा परत आणायचीच असेल तर यामाहाने एबीएस खुशाल लावावा, चासी नवी करावी, धुराचा हवा तो डबा बसवावा. बटण मात्र लावू नये. लावले तर ती एक चांगली मोटरसायकल होईल, आणि चांगल्या मोटरसायकली बाजारात पुष्कळ आहेत.